जे दिसलं ते डाव्या पानावर

मी एक जुनी दुर्बीण आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरते. दुसऱ्याने वापरलेला मला खपत नाही. माझ्या उजव्या नळीला पोचा आलाय, पट्टा तिसऱ्यांदा बदललाय आणि फोकसची चकती फिरवताना जराशी कुरकुरते. पण मित्रांनो, दोनशे पावलांवरच्या पाखराच्या पायातलं कडं निळं आहे की हिरवं, हे मी आजही बिनचूक सांगते. उगाच बढाई मारत नाही. ऐका तर खरं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथली कारागीर बाई फार कडक. दुर्बिणीची भिंगं बसवून झाली की ती खिडकीपाशी उभी राहून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायची. शर्टाचं बटण स्वच्छ दिसलं तर पास, नाहीतर सगळं खोलून पुन्हा घासायचं. मला तिने चार वेळा खोललं. पाचव्या वेळी मात्र डोळ्यांवरून मला काढेचना. "आता बटणाची भोकंसुद्धा मोजता येतात," ती म्हणाली. "जा, नाव काढ!" ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतल्या तरुण संशोधिकेने मला विकत घेतलं. तिला सगळे पाखरूताई म्हणत. सकाळी ती मला गळ्यात घालायची, ती रात्री झोपतानाच काढायची. भाचीच्या लग्नातसुद्धा नव्या कोऱ्या कपड्यांवर मी होतेच. त्या लग्नाच्या फोटोंत नवरदेवापेक्षा मी जास्त वेळा आले आहे, हे तिची बहीण अजून ऐकवते.

शहराबाहेर एक पाणथळ जागा होती. तिथल्या उंच लव्हाळ्यांत चिमणीएवढे तपकिरी पक्षी घरटी बांधत. पाखरूताईने प्रत्येकाच्या पायात दोन रंगीत कडी घातली होती आणि ते रंग हेच त्याचं नाव. लाल-निळा, पिवळा-हिरवा, पांढरा-पांढरा. लाकडी मचाणावर बसून आम्ही दोघी उजाडल्यापासून बघत असू. कोणाची जागा केवढी, कोण कुठे जातो, पिलांना कोण भरवतं. मांडी दुखायची तिची. मी मात्र मजेत होते.

तिच्या वहीचा एक कडक नियम होता. डाव्या पानावर 'दिसलं', उजव्या पानावर 'वाटलं'. माझ्यातून जे डोळ्यांना दिसलं तेवढंच डावीकडे लिहायचं. अंदाज, कल्पना, थट्टा, कंटाळा, सगळं उजवीकडे. थोडक्यात काय, डावं पान माझं! त्याच्यावर खाडाखोड नसायची, याचा मला केवढा अभिमान!

काही वर्षांत आम्हाला एक गोष्ट दिसली. ज्या नरांकडे लव्हाळ्यांतल्या मोठमोठ्या जागा होत्या, त्यांच्यातले काही जण आपली जोडीदारीण घरट्यात असताना गुपचूप शेजारच्या घरट्याकडे जात. पुढे पिलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा शेजारची काही पिलं त्यांचीच निघाली. असं का व्हावं? पाखरूताई पाहुण्यांना सोपं करून सांगायची. ज्याची पिलं जास्त, त्याच्यासारखे पक्षी पुढच्या पिढीत जास्त. म्हणून ती ओढ पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. पाखराला यातलं काही ठाऊक नसतं, ते आपलं उडतं. या शोधाने आमचं नाव झालं. परगावचे लोक मला हातात घेऊन बघू लागले आणि मी, खोटं कशाला बोलू, जरा फुगलेच.

आमच्या संस्थेच्या प्रमुखांना सगळे नुसतं साहेब म्हणत. उंचापुरा माणूस, भारदस्त आवाज. ते खोलीत आले की बसलेले उभे राहायचे आणि उभे असलेले काहीतरी काम शोधायचे. शोधाची बातमी छापायला छायाचित्रकार आला, तेव्हा साहेबांनी मला पाखरूताईच्या गळ्यातून काढून घेतलं आणि ऐटीत डोळ्यांना लावलं. उलटं! मोठी भिंगं डोळ्यांशी, छोटी समोर. कोणाची बोलायची टाप होती? तसाच फोटो छापून आला. छापून आलेला माझा पहिला फोटो, आणि तोही असा.

साहेबांची बायको आमच्यासाठी पक्ष्यांची चित्रं काढायची. सगळे तिला वहिनी म्हणत. मचाणावर ती आणि पाखरूताई एकाच डब्यातलं खात आणि एकमेकींची टिंगल करत. पंखावरची एक रेघ चुकली तर वहिनी सगळं चित्र फाडून टाकायची. अशा माणसाशी माझं जमणारच.

आता चुकीची गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. एका वर्षी अहवाल उद्यावर आला आणि पाखरूताई तापाने फणफणली होती. पडल्यापडल्या तिने वहीतून भराभर उतरवून घेतलं. त्या घाईत उजव्या पानावरचं, कधीतरी थट्टेत लिहिलेलं एक वाक्य अहवालात गेलं: 'ज्याची जागा मोठी, त्याचं मन एका घरट्यात रमत नाही.' छापून आल्यावर तिच्या लक्षात आलं. "जाऊ दे, कोण वाचतंय!" ती म्हणाली.

साहेबांनी वाचलं होतं.

दोन वर्षांनी संस्थेत कुजबुज सुरू झाली आणि मग कुजबुजीची गरजच उरली नाही. परगावच्या बैठकांना म्हणून जाणारे साहेब बैठकांना जात नव्हते. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं दुसरं घर होतं आणि तिथे दुसरी बाई राहत होती. हे कळल्यावर वहिनी मचाणाची शिडी चढून आली. तिच्या हातात आमचा अहवाल होता.

"हे तू लिहिलंयस?" तिने विचारलं. "मी त्यांना जाब विचारला, तर त्यांनी हे पान माझ्यापुढे धरलं. म्हणाले, निसर्गच असा आहे, माझा काय दोष? तुझ्या मैत्रिणीनेच लिहून ठेवलंय."

"वहिनी, तू बस तरी."

"बसायला नाही आले. तू लिहिलंयस की नाही, एवढंच सांग."

"लिहिलंय," पाखरूताई म्हणाली.

वहिनी शिडी उतरून गेली. त्या दिवशी पाखरूताईने मला डोळ्यांना लावलं, पण भिंगावर पाणी साचत राहिलं आणि मला काही दाखवता आलं नाही. आम्हा दोघींनाही फार वाईट वाटलं.

पुढच्याच महिन्यात संस्थेचा वार्षिक समारंभ होता. भिंतींवर वहिनीची चित्रं लावलेली, म्हणून तिला पहिल्या रांगेत बसणं भाग होतं. साहेबांनी व्याख्यानाचा विषय ठेवला होता, 'मोठी माणसं का भटकतात?' छाती बघा माणसाची! दुसरीकडे, पाणथळीवरचं आमचं काम दर पाच वर्षांनी साहेबांच्या सहीने पुढे चालत असे, आणि त्या वर्षीची सही अजून बाकी होती. पाखरूताईला हे पक्कं ठाऊक होतं. खुर्चीत बसून ती माझा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

साहेब रंगात आले. "ज्याच्या हाती सत्ता, त्याला संधी जास्त आणि धाक कमी," ते म्हणाले. "आपल्या पूर्वजांपासून ही ओढ रक्तात आहे. पाखरू असो की पुढारी, निसर्गाशी भांडून कोणी जिंकलंय का? आमच्या पाखरूताईंनीच म्हटलंय..." आणि त्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. वहिनी मान खाली घालून बसली होती.

पाखरूताई उभी राहिली. तिचं काळीज धडधडत होतं. मी त्याच्यावरच टेकलेली असते, मला कळलं.

"साहेब, ते वाक्य चुकीचं आहे," ती म्हणाली. "आणि ते मीच लिहिलंय."

सभागृहात हशा झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"ते माझ्या वहीच्या उजव्या पानावरचं आहे. पाखराचं मन या दुर्बिणीतून मला एकदाही दिसलेलं नाही. तरी मी ते अहवालात घातलं, ही माझी चूक. आता डावं पान वाचते. मोठ्या जागेचे त्रेचाळीस नर पाहिले. एकोणीस शेजारी गेले. चोवीस जाताना दिसले नाहीत. पांढरा-पांढरा, त्याची जागा सगळ्यांत मोठी. चार वर्षं तो एकाच घरट्यात चारा नेताना दिसला. लाल-निळा शेजारी गेला, तेव्हा त्याच्या घरट्यातली तीन पिलं चोच उघडून बसलेली दिसली. त्यातलं एकच उडालं."

"म्हणजे ओढ असते, हे तुम्हाला मान्य आहे ना?" साहेब हसून म्हणाले.

"मान्य आहे. माणसातही असेल. सत्ता आली की धाक कमी होतो, हेही खरं असेल. पण ओढ कुठून आली हे सांगणं वेगळं आणि जायची मुभा देणं वेगळं. लाल-निळ्याने कोणाला शब्द दिला नव्हता, साहेब. आणि परत आल्यावर त्याने व्याख्यानही दिलं नाही."

कोणी हसलं नाही. वहिनी पहिल्या रांगेतून उठली, सगळ्यांच्या देखत मागे आली आणि पाखरूताईशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मित्रांनो, मी पुष्कळ उड्डाणं पाहिली आहेत. त्या चौदा-पंधरा पावलांइतकं सरळ एकही नव्हतं.

सही अर्थातच झाली नाही. मचाण बंद झालं, पाखरूताईला कार्यालयात कागदांना क्रमांक घालायला बसवलं आणि मी संस्थेच्या मालकीची नसतानाही मला कुलूपबंद कपाटात टाकलं. दोन वर्षं मी अंधारात होते. माझ्या भिंगावर बुरशीची जाळी धरली. बटणाची भोकं मोजणारी मी, मला कपाटाचं दारसुद्धा धूसर दिसे. पण डाव्या पानाची आठवण आली की मी तिथेही ताठच असे.

पुढे साहेब निवृत्त झाले. नव्या प्रमुख बाईंनी जुन्या वह्या मागवल्या, डावी पानं वाचली आणि पहिल्याच आठवड्यात मचाण उघडून दिलं. वहिनी तोवर एका फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली होती. तिने मला तिथे नेलं, कारागिराकडून खोलून घेतलं आणि मऊ फडक्याने स्वतः पुसलं. आता वर्षाचे सहा महिने त्या दोघी आळीपाळीने माझ्यातून बघतात. वहीसुद्धा दोघी लिहितात.

परवाची सकाळ. पाणथळीच्या पलीकडच्या बांधावर कोणीतरी येऊन उभं राहिलं. वहिनीने मला डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ चकती फिरवलीच नाही.

"काय दिसतंय?" पाखरूताईने विचारलं.

"साहेब. काठी आहे हातात. एकटेच आहेत. इकडे बघतायत."

"पस्तावले असतील?"

वहिनीने मला खाली ठेवलं, वही उघडली आणि शांतपणे म्हणाली, "ते उजव्या पानावर."

मित्रांनो, मला हाताळाल तेव्हा पट्टा आधी गळ्यात घाला, काम झालं की भिंगं पुसून झाकणं लावा, आणि दमट कपाटात ठेवू नका. मला उलटं धरू नका. समोरच्या माणसाचं दुःख फार लहान दिसतं. आणि वहिनीने त्या दिवशी उजव्या पानावर काय लिहिलं, ते मला विचारू नका. तिने ते पान कोरंच ठेवलं.