आधीच आत गेलेली

ताईनं तीस वर्षं जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत काढली होती. कागद नाही तर माणूस नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. रडत आलेल्यालाही ती शांतपणे सांगायची, "आधी पुरावा आणा, मग बोलू." निवृत्त झाल्यावर मात्र तिला कागदाचा असा वीट आला, की किराण्याची यादीसुद्धा ती पाठ करून जायची. त्यामुळे सहलीच्या बोटीवर धाकटी बहीण केबिनच्या दारामागची सूचना मोठ्यानं वाचत होती, तेव्हा ताईचं सगळं लक्ष चपला शोधण्यात होतं.

"ऐक तरी. बंदरावर उतरताना बोटीचं कार्ड आणि सोबत फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. पासपोर्ट लॉकरमध्ये राहिला तरी चालेल."

"कार्डात फोटो आहे की माझा."

"कार्डावर नाहीये. मशीनला लावलं की पडद्यावर येतो."

"मग झालं तर. मशीनला कळतं, तुला कळतं, मला कळतं. अजून कुणाला कळायचं राहिलंय?"

धाकटीनं कपाळाला हात लावला. ताईशी वाद घालून कुणी जिंकलेलं घरात कुणाच्या आठवणीत नव्हतं.

दोघी बरोबरच उतरल्या. पण पहिल्याच चढावर धाकटीचा गुडघा बोलू लागला आणि ती मागे फिरली. ताई एकटीच पुढे निघाली. गल्ली चिंचोळी होती, दोन्ही बाजूंना बंद खिडक्या, वर एका तारेवरून दुसऱ्या तारेवर वाळत घातलेल्या चादरी. दुपारचे बारा वाजून गेले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता ताईच्या चष्म्याची दांडी निखळली. समोरच एक चष्म्याचं दुकान दिसलं, म्हणून ती आत शिरली.

म्हातारा चष्मेवाला मान वर न करताच म्हणाला, "आज लवकर आलात." बंदरावरच्या दुकानदाराला सगळ्या भाषा थोड्या थोड्या येतात, तशी त्यालाही ताईची भाषा येत होती. मग त्यानं डोळ्याचं भिंग काढून ताईकडे नीट पाहिलं. "माफ करा. मला वाटलं, त्याच आहात."

"कोण त्याच?"

"बोट लागली की एक बाई येऊन बाहेरच्या बाकावर बसतात. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका बोटीवरून उतरल्या होत्या. कार्ड कुठेतरी पडलं, दुसरा कागद जवळ नव्हता. बोटीच्या दारावरच्यांनी आत घेतलं नाही आणि बोट सुटली." त्यानं बारीक स्क्रू चिमट्यात धरला. "इथली कचेरी म्हणते, तुमच्या देशाकडून लिहून आणा. तुमचा देश म्हणतो, आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा."

"घरचं कुणी आलं नाही न्यायला?"

"कुणाला न्यायला येणार? इथल्या कुठल्याही वहीत त्या नाहीतच." त्यानं चष्मा पुसून तिच्या हातात दिला.

ताई बाहेर आली. तिच्या खिडकीवरून रिकाम्या हातानं परत गेलेली माणसं कधी तिच्या मनात आली नव्हती. आज एकदोघांचे चेहरे आले. ती बाकावर टेकली.

शेजारी कुणी येऊन बसलं ते तिला कळलंही नाही. तिच्याच वयाची बाई, करड्या रंगाचा साधा कुर्ता, केस तिच्यासारखेच मागे घट्ट बांधलेले.

"बोटीवरच्या ना तुम्ही?" बाईनं विचारलं, तेही घरच्या भाषेत, स्वच्छ.

परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की माणूस विरघळतो. ताईही विरघळली. चष्मेवाल्याचं बोलणं आठवून तिला कीव आली आणि तिनं भरभरून सांगितलं. केबिन कुठल्या मजल्यावर, खिडकी कुठल्या बाजूला, धाकटीचं गुडघ्याचं दुखणं, तिला चहात साखर किती लागते, ती रागावली की काय म्हणते. बाई एकेक गोष्ट मनातल्या मनात घोकल्यासारखे ओठ हलवत होती.

"बरोबर काय आणलंय तुम्ही?" तिनं मध्येच विचारलं.

"हे कार्ड. बस."

"मीही तेवढंच आणलं होतं," बाई म्हणाली. तिनं कार्डाला हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मग पदर सावरावा तसा कुर्ता सारखा करून ती उठली. "निघते. उशीर झाला तर धाकटी काळजी करेल."

हिलाही धाकटी बहीण असेल, असं ताईला वाटलं. बाई उताराच्या दिशेनं गेली. ताई आणखी तासभर गावात हिंडली आणि बंदरावर परतली.

शिडीच्या तोंडाशी रखवालदारानं तिचं कार्ड मशीनला लावलं. हिरव्याऐवजी लाल दिवा लागला.

"तुम्ही आत आहात," तो म्हणाला.

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"दोन वाजून दहा मिनिटांनी आत गेलात." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. ताईचाच फोटो होता. "मीच तपासलं. चेहरा जुळत होता."

"आत्ताही जुळतोय ना?"

"जुळतोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणून तर अडचण आहे. दुसरं ओळखपत्र दाखवा."

ते वर लॉकरमध्ये होतं. त्यानं केबिनला फोन लावला आणि रिसीव्हर ताईच्या कानाशी धरला. पलीकडून धाकटीचा आवाज आला. "कोण पाहिजे? ताई का? ती मघाशीच आली. आंघोळीला गेलीये."

ताईनं रिसीव्हर कानापासून दूर केला. रखवालदारानंच तो घेऊन धाकटीला खाली बोलावलं, येताना ताईचा पासपोर्ट आणा म्हणाला.

धाकटी लंगडत आली. शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली, तिथूनच ताईकडे पाहत राहिली. सख्खी बहीण, साठ वर्षं एका ताटात जेवलेली. पण त्या नजरेत ओळख नव्हती. ताईला ते मरणाहून वाईट वाटलं.

"मी लॉकरचा आकडा विचारायला न्हाणीघराचं दार ठोठावलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "आतून बरोबर सांगितला. ताईच्याच आवाजात. मग तुम्ही कोण?"

लॉकरचा आकडा म्हणजे आईची जन्मतारीख, तीही तिनं बोलण्याच्या भरात बाकावर सांगून टाकली होती.

"तुझा गुडघा…" ताईनं सुरुवात केली.

"ते तिलाही माहीत आहे. चहाचंही माहीत आहे."

म्हणजे सगळंच देऊन झालं होतं. ताई धाकटीच्या हातातल्या पासपोर्टाकडे पाहत राहिली. त्यातला फोटोही तसाच दोघींना लागू होणार. मग जे तिनं बाकावरच काय, कुठेच कधी काढलं नव्हतं, ते तिच्या ओठांवर आलं.

"आई गेली त्या दिवशी सकाळपासून तुझं नाव घेत होती," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं की फोन लागत नव्हता. मी लावलाच नव्हता. तुझ्यावर माझा राग होता, घराच्या वाटणीवरून. वाटलं, उद्या करू. उद्या उजाडलाच नाही."

रखवालदाराला शब्द कळले नाहीत, पण तो एक पाऊल मागे सरला.

धाकटी कठड्याला धरून उभी होती. ती दोन पायऱ्या खाली उतरली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला तेव्हाच सांगितलं होतं. तू कधी बोलतेस याची वाट बघत राहिले." ती रखवालदाराकडे वळली. "हीच माझी बहीण. घ्या आत."

त्यानं हातानं नोंद केली.

केबिनमध्ये न्हाणीघराचं दार उघडं होतं. आरशावर वाफ होती, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, दाराशी येऊन संपलेले. ताईचा निळा कुर्ता खुंटीवर नव्हता. खुंटीखाली करडा कुर्ता नीट घडी घालून ठेवला होता. बोटीवरच्यांनी सगळीकडे शोधलं, कुणी सापडलं नाही. मशीन बिघडलं असेल असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. दोघी बहिणींनी मात्र दाराला आतून खुर्ची लावली आणि एकाच पलंगावर हातात हात घालून झोपल्या. आईबद्दल बोलायचं खूप राहिलं होतं.

दोन दिवसांनी पुढचं बंदर आलं. या वेळी ताईच्या पर्समध्ये कार्ड होतं, ओळखपत्र होतं, पासपोर्टाची प्रत होती. रांगेत तिचा नंबर लागला. पुन्हा लाल दिवा.

"तुम्ही उतरला आहात," रखवालदार म्हणाला. "आठ वाजून पाच मिनिटांनी."

धाकटीनं ताईचं मनगट घट्ट धरलं. ताईनं कठड्यावरून खाली पाहिलं. धक्क्याच्या टोकाशी एक निळा कुर्ता चालला होता. चाल घाईची नव्हती, पळणाऱ्या माणसाची नव्हती. नाक्यावरच्या चौकीत तिनं काहीतरी दाखवलं. चौकीतल्या शिपायानं वहीत लिहून घेतलं आणि तिला जाऊ दिलं.

"दोनदा नोंद झालीये का?" रखवालदारानं विचारलं. "ही खोडून टाकू?"

आता हाक मारली असती, तर चौकीवाल्यांनी त्या बाईला मागे बोलावून अडवलं असतं. ताईनं कागद काढण्यासाठी पर्समध्ये घातलेला हात तसाच ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला आज उतरायचं नाही."

दुपारी बोट सुटायच्या वेळेला व्हायचं तेच झालं. बाहेर राहिलेल्या प्रवाशांची नावं भोंग्यावरून पुकारली जाऊ लागली आणि त्यात ताईचंही नाव आलं. ती धाकटीला घेऊन बोटीवरच्या कचेरीत गेली, तिन्ही कागद टेबलावर मांडले. अधिकाऱ्यानं कागद पाहिले, मग चेहरा पाहिला.

"तुम्ही इथे आहात, तर मग सकाळी उतरलं कोण?"

"ते तिलाच माहीत," ताई म्हणाली.

तो लिहू लागला. बाहेर धक्क्यावर भोंगा अजून तिचंच नाव घेत होता, एकदा, दोनदा, तीनदा. ताई कान देऊन ऐकत होती. कुणाची ओ येते का, याची तिला भीती वाटत होती. धाकटीनं उठून खिडकी लावून घेतली.