बांधलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुना मेन स्विच आहे आणि माझा कुणावरच विश्वास नाही. लोखंडी पेटी, आत तांब्याची पाती, बाहेर दांडा. दांडा वर असला की वीज चालू, खाली ओढला की बंद. सगळं ठीकच आहे असं मीही मानू लागलो, तर माझा उपयोग काय?

माझं तरुणपण यावलच्या एका केळीच्या मळ्यात, विहिरीवरच्या पंपापाशी गेलं. नवा स्विच आला आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला पारोळ्याच्या झुलालने उचललं. पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळणं, हा त्याचा धंदा. नव्वदच्या दशकात पेट्रोल महागलं, तेव्हा त्याने जुन्या तीनचाकी टेम्पोचं इंजिन काढून मोटार बसवली, मागे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या ठेवल्या आणि मलाही मागेच ठोकलं.

त्याची थोरली बहीण भिकुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "गाडी थांबनी नही त मांगे उडी मारशी का?"

"मोटर मी सोता भरेल शे, अक्का. तू कसाले घाबरस?"

कुरकुरत का होईना, त्याने मला सीटशेजारी आणलं. अक्का मला तिथेच आवडली. पायाखालच्या खटक्यावर मात्र माझी नजर होती. तो दाबला की गाडी पळायची, सोडला की थांबायची. पण सोडल्यावर तो जरा रेंगाळूनच वर यायचा.

खड्ड्यांत माझा सैल दांडा खाली पडे आणि गाडी भर रस्त्यात बंद. लोक हसले. झुलालला ते झोंबलं. लाइट आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून विहिरीवर स्टार्टर बांधून ठेवतात ना, तसा त्याने माझा दांडा तारेने वर आवळून टाकला. मला फार अपमान वाटला.

बाजाराच्या सकाळी अक्का गुपचूप आली. तिने तार काढून लुगड्याची चिंधी बांधली. आता मला तिचाही संशय आला. तार काय नि चिंधी काय, बांधणं ते बांधणंच!

मग झुलाल गाडी घेऊन बाजाराला निघाला आणि अक्का त्याच्या शेजारी बसली. उतारावर खटका चिकटला. झुलालने पाय काढला, ब्रेक दाबला, तरी मोटार गाडीला ओढतच राहिली. पुढे मंजुळाबाई मेथीच्या जुड्या मांडून पाठमोरी बसलेली. झुलालचा हात माझ्याकडे झेपावला आणि थबकला. त्याला तारेची गाठ आठवली; चिंधीचं त्याला माहीतच नव्हतं.

"अक्का, बांधेल शे!" तो ओरडला.

अक्काने चिंधीचं टोक ओढलं. वासराच्या दाव्याला मारतात तशी ती झटक्यात सुटणारी गाठ होती. तिने दांडा खाली खेचला. ठिणगी उडाली, माझी पाती काळवंडली आणि मेथीला चाक लावून गाडी थांबली.

झुलालने ती चिंधी हातात घेऊन पाहिली. "मन्हावर भरोसा नव्हता तुन्हा?"

"तुन्हावर शे रे भाऊ. तुन्ही गाठवर नही."

त्याच दिवशी त्याने माझे सैल स्क्रू आवळले. दांडा पुन्हा पडला नाही. एवढंच तर काम होतं!

टेम्पो केव्हाच भंगारात गेला. मी दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याचा दांडा सैल झाला तर आवळा, पण बांधू नका. अक्का आता थकली आहे. तरी दुकानात आली की माझा दांडा खाली ओढून बघते, सुटतो ना. मला एकही तार जोडलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. तरीही बघते, आणि मला भरून येतं.