आसरांची पाठवणी

तळघरातला पंप कधीच बंद होत नाही.

हिरवा खण. नारळ. ओंजळभर तांदूळ.

पोटाशी पिल्लं धरलेली खेकडी.

चपला बाहेर काढून तळघरात उतरणारा माणूस.

तळघर नव्हतं तेव्हाची एक सकाळ. कात्रजच्या डोंगराखाली भैरू पोकलेन घेऊन झऱ्यापाशी आला, तर शेंदूर फासलेल्या आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, सात दगडांपुढे त्याची आई, तुळजाबाई, बसलेली.

"आये, ऊठ. हितं खड्डा घ्यायचाय. पार्किंगचा."

"घे की. माझं काम हुईस्तवर थांब."

साइट इंजिनिअर शरच्चंद्र म्हणाला, "आजी, आटपा पूजा. देवींना गेटजवळ छान टाइल्सचं मंदिर देतोय आपण."

"आन् पान्याला? त्येला बी टाइला लावनार?"

भैरूला हसू आलं आणि लगेच विझलं. ही पूजा नव्हती. लेकीला सासरी धाडताना भरतात तशी ती झऱ्याची ओटी भरत होती. पाण्यावर खण पसरून म्हणाली, "जावा बायांनो. हितलं सरलं. मागं वळून बघू नका."

पाणी गेलं नाही.

चपला काढून भैरू खाली उतरला. तळाची वाळू उकळल्यासारखी नाचत होती, आणि पाणी मात्र गार. खण बुडेना; खालून कुणी तळहातावर झेलावा तसा पुन्हा पुन्हा वर येई. कपारीतून एक खेकडी आली, तांदळाचा दाणा उचलून पिल्लांसकट आत गेली. एवढा थोरला डोंगर, त्याच्या पोटात कोण जाणे किती पावसाळे मुरलेले, आणि ते सगळे या ओंजळभर जागेत उघडत होते. जन्मापासून तो हेच पाणी पीत आला होता. बघत आज होता.

"भैरू, चल, बकेट टाक."

"न्हाई सायेब."

"नोकरी नको का?"

"पायजे हाय. पन ह्ये न्हाई हुनार." त्याने किल्ली शरच्चंद्रच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला. टॉवर झाला. मंदिरही झालं. आणि पहिल्याच उन्हाळ्यात, आजूबाजूच्या बोअर कोरड्या पडल्या असताना, तळघराचं काँक्रीट फोडून पाणी वर आलं. स्वच्छ, गार. पंप लावले, तरी ते येतच राहिलं.

पंपावर आता भैरू आहे. चपला तो जिन्यापाशीच काढतो.

तुळजाबाईला आईबाप नव्हते. लग्नात वाडीतल्या बायकांनी तिची पाठवणी याच झऱ्यावरून केली होती.