अर्ध्या हाकेला

"अवो, जेवाला या," अशी आईची हाक यायची आणि बाबा पडवीत ढिम्म बसून राहायचे. दोन-तीन हाकांआधी उठले तर ते मोरू पाटील कसले! जन्मभर मिठागरात राबूनही त्यांचा ताठा काही विरघळला नाही. मग आईला झटका आला, तिची वाचा गेली. आता ते त्याच पडवीत आतल्या दाराकडे कान लावून बसतात.

दवाखान्यात आईला पुन्हा बोलायला शिकवत होते. एके दिवशी तिथल्या बाईंनी बाबांकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण, यांचं नाव काय. आईने पदर सावरला आणि मान खाली घातली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, नवऱ्याची ओळखसुद्धा उरलेली नाही, आता शिकवून उपयोग नाही, पुढच्या आठवड्यापासून आणू नका. बाबांचा चेहरा मला बघवेना.

माझं डोकं फिरलं. मी मृणालला बोलावलं. ही माझी रेवसची मैत्रीण. शाळेत आमच्या 'हाय-न्हाय'ला सगळे हसायचे, आता ती विद्यापीठात त्याच आगरी बोलीचा अभ्यास करते. तिने बाईंना समजावलं, की या वयाच्या आगरी बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. मावशीने रीत पाळली आणि तुम्ही तिला नापास केलंत. मग आईजवळ बसून तिचा हात धरला.

"मावशे, लगनान घेतलास तसा नाव घे गो."

आईचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग अडखळत, पण सुरात आलं:

"मिठाची पांढरी रास आगराचे बांधावर,
मोरूरावांचा नाव घेते सगल्यांचे समोर."

बाई ओशाळल्या. आईचं शिकणं चालू राहिलं, आणि बाकीचे प्रश्नही बदलायचे म्हणून त्यांनी मृणालला थांबवून घेतलं. मला वाटलं, बाबा आता खूश होतील. पण रिक्षात ते हळूच म्हणाले, "नाव न्हाय गो जागृती. मना तिची हाक पायजे."

त्यांना ती हाक किती हवी होती, ते मला तेव्हा कळलं. नवरात्र आलं, गेलं. बाबा रोज जेवणाच्या वेळी पडवीत जाऊन बसायचे, कोणी न बोलावता आत यायचेच नाहीत. शेवटी मीच हात धरून उठवायची.

काल मी ताटं वाढत होते. आई चुलीकडून दाराकडे वळली आणि तिच्या तोंडून कसंबसं "अव..." एवढंच निघालं.

"आलो, आलो," म्हणत बाबा उठलेसुद्धा.