देवासची पाहुणी

दुपारी स्पृहा झोपली की मिताली आणि तिच्या सासूबाई प्रमोदिनी एकेक इअरफोन कानात घालून मोबाइलवर ती सिरीज बघत बसायच्या. चार बायका, चौघीही गुप्तहेर. एक परक्या शहरात ब्यूटी पार्लर चालवते, एक पासपोर्ट ऑफिसात शिक्के मारते, एक लग्नांचा स्वयंपाक करते आणि चौथी तिथल्या कर्नलच्या पोरांना गणित शिकवते. त्यांची चष्मेवाली मॅडम दिल्लीत बसून दर भागात एकदा तरी सांगायची, "खोटं छोटं ठेवा. मोठं खोटं सांभाळायला माणसं लागतात."

सासूबाई त्या मॅडमवर फिदा होत्या. मितालीचं लक्ष मात्र भलतीकडेच. "आई, गणितवालीच्या मागचं दार उघडंच आहे. कुणी बघत कसं नाही?"

बघणं हा तिचा रोगच आहे, असं तिचा नवरा आशिष म्हणायचा. सांवेर रोडच्या त्याच्या फॅक्टरीत सेफ्टीसाठी दोन माणसं होती, घरात ती एकटी पुरेशी होती. टेबलांच्या कोपऱ्यांना रबर, बादल्या पालथ्या. सव्वा वर्षाची स्पृहा जरा जास्त वेळ झोपली की मितालीचं बोट तिच्या नाकाखाली.

आणि आता सोमवारपासून मितालीला महूच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला जायचं होतं. बस पावणेसातला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात. छत्रीबागेतल्या यशोधराकाकूंच्या पाळणाघरात एकच जागा उरली होती, आणि हो की नाही ते शनिवारपर्यंत सांगायचं होतं. नाही म्हटलं तर नोकरीलाही नाही.

"काकू फोनवर म्हणाल्या, केव्हाही येऊन बघून जा," मिताली म्हणाली. "पण आई म्हणून गेले की त्या चांगलंच दाखवणार. मला रोजचं बघायचंय."

"मग आई म्हणून जाऊच नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कानातला इअरफोन काढला.

खालच्या मजल्यावरच्या शर्वरीला यशोधराकाकूंकडे गुरुवारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. वेळ पाचची, आणि पाळणाघरातली मुलं असतात सहापर्यंत. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला तू कोण म्हणून कुणी विचारत नाही, पुढे होऊन पन्हं देतात. मॅडमलासुद्धा इतकं सोपं दार कधी मिळालं नव्हतं.

"तू शर्वरीची मैत्रीण. देवासची. नाव तन्वी," सासूबाईंनी ठरवलं. "मूलबाळ नाही."

"असं कशाला म्हणायचं?"

"अगं, आहे म्हटलं की किती मोठं, कुठे ठेवलं, का नाही आणलं, सतरा सवाल. खोटं छोटं ठेव."

गुरुवारी गौर झोपाळ्यावर बसली होती, समोर कलिंगडाचं कमळ कापून ठेवलेलं. पुढच्या खोलीत दहाबारा बायका, आंब्याची डाळ, गप्पा. मिताली हात धुवायच्या निमित्ताने आत गेली. सात गाद्या, सात उशा. प्लगवर झाकणं होती, एक तिने नखाने उचकटून पाहिलं, निघालं नाही. औषधं उंच फळीवर. भिंतीवर खडूने लिहिलेलं, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. कामवाली मावशी एका मुलीचं नाक पुसत होती आणि पुसताना तिच्याशी भांडत होती, "आता तू माझं पूस." मितालीला हसू आलं.

मग तिने मागचं दार बघितलं. कडी तिच्या कमरेइतकी. स्टूल लागणार नाही, पोराने टाचा उंचावल्या की हात पुरेल. दारापलीकडे तीन उंच दगडी पायऱ्या आणि गल्ली.

बाहेर आली तर काकूंच्या समोरच्या घरातल्या आजी, गल्लीत सगळ्यांच्या दिवाकरच्या आई, वय ऐंशीच्या घरात, तिचीच वाट बघत असल्यासारख्या बसल्या होत्या.

"लग्नाला किती वर्षं झाली गं?"

"चार."

"आणि?"

"अजून नाही काही."

डाळीचे चमचे थांबले. मॅडमनी हे काही शिकवलं नव्हतं.

"टेन्शन मत ले बेटा, होता है," एकजण म्हणाली. दुसरीने उज्जैनच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला. तिसरी म्हणाली, खजूर दुधात, चाळीस दिवस, माझ्या नणंदेला जुळी झाली. शर्वरी पन्ह्याच्या पेल्यात तोंड लपवून बसली होती, तिचे खांदे हलत होते.

दिवाकरच्या आई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. गौरीपुढचा नारळ घेतला, आणि सगळ्यांदेखत मितालीच्या पदरात घातला. "पुढच्या चैत्रात मांडीवर घेऊन ये."

मितालीचे डोळे भरून आले. बायकांना वाटलं, बिचारी. पण तिला दिसत होती घरी आजीची चप्पल चोखत बसलेली, धडधाकट, चार दातांची स्पृहा, जिला तिने आत्ताच गौरीसमोर चक्क नाकारलं होतं.

शेवटी यशोधराकाकू ओंजळभर भिजवलेले हरभरे घेऊन ओटी भरायला आल्या. वाकून हळूच म्हणाल्या, "किती महिन्यांची?"

"कोण?"

"सोमवारी जिला आणणार आहेस ती."

मितालीच्या हातातला पदर सुटता सुटता राहिला. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"मघापासून पर्स कमरेवर धरून डुलतेयस. पोर नसलेली बाई पर्सला झोपवत नाही." काकूंनी हरभरे नीट पदरात सोडले. "शिवाय माझी झाकणं उचकटून बघितलीस, आणि सोमवारसाठी मुलीचं विचारणारा फोन एकच आला होता. घाबरू नको, दरवर्षी कुणीतरी येतं. मागच्या वर्षी एक बाप डासांच्या अळ्या तपासायला आला होता, नगर निगमचा म्हणे. पायात ऑफिसचे बूट. मी त्याला छतावरच्या सगळ्या टाक्या तपासायला लावल्या."

"पंधरा महिन्यांची," मिताली म्हणाली. "स्पृहा. सॉरी काकू."

"काय बघितलंस ते सांग."

आता खोटं संपलं होतं, तर खरं बोलायला काय हरकत होती? तरी तिची जीभ अडखळली. जागा एकच होती, आणि दोष काढणाऱ्या बाईला कोण देईल? पण तीन पायऱ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"मागच्या दाराची कडी खाली आहे. मोठ्या मुलांचा हात पुरेल."

काकूंचा चेहरा बदलला. त्या तडक आत गेल्या, नाक पुसून झालेल्या मुलीला दारापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "उघड बघू." मुलीने टाचा उंचावल्या. कडी खट्कन सरकली.

काकूंनी दार ओढून कडी पुन्हा लावली. "नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी दार रोज लावते, म्हणून कडीकडे पाहिलंच नाही." मग मितालीकडे वळल्या. "सोमवारी साडेसहाला आण. पहिल्या दिवशी जेवली नाही तरी फोनवर रडायचं नाही. आणि आता ती पर्स खाली ठेव."

परतताना शर्वरी म्हणाली, "काय अॅक्टिंग केलीस यार. रडलीस पण."

"गाडी चालव," मिताली म्हणाली.

घरी तिने स्पृहाला उचललं ते जेवायची वेळ होईपर्यंत सोडलं नाही. सासूबाईंनी सगळा रिपोर्ट ऐकला, नारळाकडे पाहिलं आणि कबूल केलं, "ओटीचं माझ्या लक्षातच आलं नाही. मॅडमच्या देशात हळदीकुंकू नाही ना."

शनिवारी काकूंचा फोटो आला. मागच्या दाराला मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर नवी कडी, खाली फक्त एक ओळ: आता तपासून घे.

सोमवारी साडेसहाला मिताली स्पृहाला कडेवर घेऊन छत्रीबागेच्या गल्लीत शिरली. दिवाकरच्या आई ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"देवासची ना गं तू?"

"आजी, बस चुकेल. दुपारी येऊन सगळं सांगते, नक्की."

आजींनी स्पृहाची हनुवटी धरली. "दात पण आलेत," त्या पुटपुटल्या.

आत काकूंनी हात पुढे केले. स्पृहाने आईकडे पाहिलं, काकूंच्या गळ्यातल्या मण्यांकडे पाहिलं, आणि मण्यांच्या बाजूने निर्णय घेतला. मितालीने नव्या कडीला एकदा हात लावला. मग आणखी एकदा. मग पर्स खांद्याला अडकवून बाहेर पडली.

गल्लीच्या टोकापर्यंत तिला मागून आजींचा आवाज येत होता. दूधवाल्याला थांबवून त्या सांगत होत्या, "गुरुवारी नारळ दिला, आज सोमवार. चार दिवस, भिया. और वो भी दातवाली."