रावसाहेबांनी काढलेले डोळे

शारजातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हिन्याच्या अत्तराचा दरवळ कोंडलेला असला, की समजावं, रावसाहेब नुकतेच वर गेले. एरवी त्या लिफ्टला वास असायचा तळलेल्या माशांचा, ओल्या सिमेंटचा आणि दुबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास शिजून आलेल्या माणसांचा. हिना त्या सगळ्यांवर सहज मात करायचा. पाठोपाठ कातडी बुटांची कुरकुर, चांदीच्या मुठीच्या काठीचा फरशीवर एक हलका ठोका, आणि मग तो मंद्र सप्तकातला आवाज, "वहिनीसाहेब, येऊ का?" त्या वासाने माझं डोकं उठायचं. खरं म्हणजे वासाने नव्हे, माणसाने.

नाव हिंदुराव. कुठल्याशा लहानशा जहागिरीच्या धाकट्या पातीतले. जहागीर पणजोबांच्या शौकांत संपली होती, शौक मात्र शाबूत राहिले होते. दुबईतल्या एका सजावटीच्या शोरूममध्ये ते मोठमोठ्या व्हिलांसाठी पडदे निवडून द्यायचे, आणि याला नोकरी का म्हणायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भर ऑगस्टात, जेव्हा हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडते आणि भलेभले बनियनवर येतात, तेव्हा हा गृहस्थ पांढऱ्याशुभ्र लिननच्या सुटात, गळ्याशी मोतिया रंगाचा रेशमी रुमाल, मिशा काळ्याभोर, केस त्याहून काळेभोर, असा खाली लाँड्रीवाल्या मलबाऱ्याशी इस्त्रीच्या घडीवरून गंभीर चर्चा करत उभा. पन्नाशी केव्हाच उलटली होती. शंभर वर्षं उशिरा जन्माला आलेला माणूस, पण त्या उशिराची खंत नाही. उलट वाट पाहायला लावल्याबद्दल शतकानेच त्याची माफी मागावी असा आविर्भाव.

आणि वर हे चित्रं काढत.

शिकलेले नव्हते. एक दिवसही नाही. हिवाळ्यात खाडीकाठी आमची मराठी मंडळी जमायची, डब्यांतून थालीपिठं निघायची, सूर्य पाण्यावर कलंडायचा, आणि त्या पिवळसर सांध्यप्रकाशात रावसाहेब मांडी घालून, मऊ पेन्सिल दोन बोटांत अलगद धरून समोरच्याचा चेहरा बाजूने टिपायचे. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेषा, मध्ये श्वास न घेता. तिला ना शरीरशास्त्र ठाऊक, ना छायाप्रकाश. नाकं जरा जास्तच सरळ, माना जरा जास्तच लांब. पण मेली ती रेषा जिवंत असायची! बायका हरखून जायच्या. आमच्या ह्यांचंही चित्र त्यांनी काढलं, आणि ह्यांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. त्या खिळ्यावर आधी माझं जलरंगातलं चित्र होतं. ते बेडरूममध्ये, कपाटाच्या मागे गेलं. मुग्धा, आमची लेक, म्हणाली, "मम्मी, ही इज सो टॅलेंटेड!" मी म्हटलं, "हो का? मग त्यांच्याच घरी जेवायला जा."

मी पाच वर्षं मुंबईत रीतसर चित्रकला शिकले होते. हाडं, स्नायू, वस्त्रांच्या चुण्या, सगळं घोटून. लग्न झालं, इथे आले, आणि पासपोर्टात शिक्का बसला: गृहिणी, नोकरीस परवानगी नाही. त्या शिक्क्याशी भांडून उपयोग नव्हता. वर्षातून एकदाच मी पुन्हा चित्रकार व्हायचे. आमचा गणपती म्हणजे शाडूची कच्ची मूर्ती. दर वर्षी सुट्टीवरून परतणारं कोणीतरी ती साड्यांत गुंडाळून विमानात मांडीवर आणायचं. रंगवायची मी. पीतांबर, दागिने, सोंड, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. डोळे आखले की माती संपते आणि देव बसतो. दीड दिवसाने टबात विरघळून जाणारे ते डोळे, पण ते आखताना माझा हात कोणाच्या स्वयंपाकाचा, कोणाच्या डब्याचा नसायचा. तो माझा असायचा.

आणि त्या वर्षी मंडळाच्या कर्णिककाकांचा फोन आला. "वहिनी, बाकी सगळं तुम्हीच करा हं. डोळे तेवढे रावसाहेबांकडे देऊ या. काय हात आहे हो त्यांचा!"

अंग मी रंगवायचं आणि जीव रावसाहेबांनी घालायचा! मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशीची आमटी करपली आणि ती मी सगळ्यांना तशीच वाढली.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी रावसाहेब आले. कोट काढून नीट घडी घातली, बाह्या दुमडल्या, मूर्तीला नमस्कार केला आणि माझा ब्रश मागितला. माझा! मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, हात चुकावा म्हणून. गणपतीसमोर उभं राहून असली प्रार्थना करणारी मी पहिलीच असेन. हात चुकला नाही. पापणीची एक कमान, मग दुसरी, मग बुबुळ, आणि ती नजर खोलीभर फिरून माझ्यावर येऊन थांबली. 

"वरून वॉर्निशचा हात द्या," मी म्हटलं. "बाकी अंगावर मी दिलाय. पोस्टर कलर आहे, टिकणार नाही."

"नको, वहिनीसाहेब," ते हसून म्हणाले. "चकाकी आली की नजर मरते."

सांगायचं ते सांगून झालं होतं. मूर्ती वाळावी म्हणून रात्रभर एसी फुल ठेवला. इथल्या दमट हवेत एरवी काही वाळतच नाही.

सकाळी टाळ-झांजा न वाजवता, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात मोरया म्हणत, आम्ही मूर्ती कर्णिककाकांकडे न्यायला खाली आणली. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं चढतं. देवावरही चढेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दार उघडलं, बाहेरचा उष्मा त्या गार मातीवर आदळला आणि बघता बघता मूर्तीला दरदरून घाम फुटला. पीतांबर टिकला, दागिने टिकले. रावसाहेबांचे डोळे मात्र गालांवरून काळे ओघळत सोंडेपर्यंत आले.

"अरे देवा!" कर्णिककाका किंचाळले. "वहिनी, आता काय?"

माझ्या मनात पेढे वाटले जात होते. मी धावत वर गेले, ब्रश आणि ऑइल पेंटची बाटली घेऊन आले, आणि पाहते तो रावसाहेब त्या शुभ्र पँटसकट पार्किंगच्या धुळीत बसलेले, मूर्ती मांडीवर, आणि गळ्यातला मोतिया रुमाल सोडून तिचा चेहरा टिपत असलेले. घामाने त्यांचाही कलप उतरला होता. कानशिलावरून काळी धार कॉलरवर पडत होती, आणि कलपाखाली केस पार पांढरे होते. किती म्हातारा होता तो माणूस! मला वाटलं आता ब्रश मागणार. मूठ मी आवळलीच होती.

"तुम्ही सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. तुम्ही काढा, मी धरतो. हलू देणार नाही."

मी काढले. त्या उन्हात, गाड्यांच्या धुरात, गुडघे डांबरावर टेकून. आयुष्यात तसे डोळे मी आधी काढले नव्हते, नंतरही नाहीत. पहिल्यांदा माझी रेषा मध्ये श्वास न घेता गेली. ती मी कोणाची बघून शिकले होते, हे मला कळत होतं आणि त्याचाही राग येत होता.

कर्णिककाकांच्या दुबईच्या व्हिलात पोचलो. हॉल भरलेला. मूर्तीवर झाकलेला साडीचा पदर काढला आणि एकच उद्गार उमटला, "रावसाहेब, काय डोळे काढलेत हो!"

डाग पडलेल्या सुटात, विस्कटलेल्या केसांनी रावसाहेब पुढे झाले. "हे डोळे वहिनीसाहेबांचे आहेत," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "माझे सकाळी वाहून गेले."

मग कोणीतरी गहिवरून म्हणालं, "बघा! याला म्हणतात खानदानी मोठेपणा!" आणि टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी. कर्णिककाकांनी सकाळी सगळं पाहिलं होतं, ते म्हणाले, "हो हो, वहिनींचाही हातभार आहे." आमचे हे माझ्या कानात पुटपुटले, "जाऊ दे ना, देवाचं काम." रावसाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. जितकं सांगत गेले, तितके मोठे होत गेले. माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि मी तोंड फिरवलं.

पुढची तीन-चार वर्षं डोळे मीच काढले, आणि दर वर्षी ते उठून तेच वाक्य बोलत. मग एकदा ते सुट्टीवर गावी गेले ते परतलेच नाहीत. गेल्याची खबर फोनवर आली. लिफ्टमध्ये पुन्हा नुसता माशांचा वास राहिला, आणि त्या दिवशी मला रडू का आलं हे मी ह्यांना सांगू शकले नाही.

आजही मूर्ती मीच रंगवते. दर वर्षी कोणी ना कोणी म्हणतं, "वहिनी, अगदी रावसाहेबांसारखे जमलेत हं!" मंडळातले जुने लोक नव्यांना हौसेने सांगतात की एकदा पार्किंगमध्ये रावसाहेबांनी धुळीत बसून डोळे कसे काढले. मी खरं सांगू लागले, तर म्हणतील बाई जळते, आणि ते काही खोटं नसेल. माणूस गेला की हेवाही विझतो म्हणतात. कसला विझतो! मेलेल्याचा हात कधी चुकत नाही. आणि ते डोळे माझे होते असं भरल्या सभेत उठून सांगणारा जगात एकच माणूस होता. काळाने त्याची कीर्ती माझ्यासमोर ठेवली, आणि माझा साक्षीदार तेवढा उचलून नेला.