पत्रिकेवर चढलो मी, उखर्डू!

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो, आणि हसू नका बरं, उखर्डू म्हणतात मला! उकिरड्यावर टाकायच्या लायकीचा, असा माझा सरळ अर्थ. आमच्या खानदेशात कुणाला हिणवायचं असलं की लोकांनी मला उचललंच. कामात कच्चा गडी दिसला, मार उखर्डू! जत्रेत कुणी मळक्या कपड्यांत आला, मार उखर्डू! मी ज्याला लागायचो त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मला काय वाटतं, ते कुणी विचारलं का कधी? छे!

आणि एके दिवशी भडगावच्या शेवंताबाईने आपल्या मुलाचं नावच उखर्डू ठेवलं. केवढा आनंद झाला मला! पण शाळेत पोरं नाकं धरायची. "सरका रे, उकिरडा आला!" बिचारा रडत घरी यायचा, आणि मी शरमेने अर्धा व्हायचो. पुढे तो शिकला, धुळ्याला कारकून झाला. सही करताना मात्र नुसता 'उ.' लिहून मला एका टिंबामागे दडवायचा.

१९८८ साली त्याचं लग्न ठरलं. मायलेक पत्रिका छापायला पंडितनानांच्या छापखान्यात गेले. उखर्डू हळूच म्हणाला, "नाना, नाव उत्तम टाका. सासरची माणसं हसतील." माझा तर जीवच गेला! पत्रिकेवर उत्तम, मग घरातही उत्तम, आणि मी जन्मभर नुसती शिवी! नानांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. शेवंताबाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "नाना, वाची दखाडा."

नानांनी वाचलं, "चिरंजीव उत्तम..."

"हाऊ कोन शे?"

उखर्डू खाली बघू लागला. "माय, त्या नावले लोके हसतस."

"हसू दे! तुना पहिले मना तीन पोरं गयात. तू व्हयना तवय छातीवर दगड ठेईसन तुले उकिरडावर ठेवं. शेजारनी भागाबाईनी उचलं, आनि तिले सूपभर कोंडा दीसन मी तुले इकत लिधं. मरनले वाटनं, हाऊ कचरा शे. खाली हात गयं ते."

मेलेल्या त्या तीन लेकरांबद्दल, आणि कोंडा देऊन विकत घेतलेल्या या चौथ्याबद्दल, ती आजवर कधी बोलली नव्हती. अहो, मी तर उड्याच मारायला लागलो! इतकी वर्षं मी स्वतःला घाण समजत होतो, आणि बाळ म्हणजे कचरा असं भासवून मरणाला दारातून परत पाठवलं होतं ते मीच!

उखर्डूचे डोळे भरून आले. "नाना, काढा ते खिळे. उखर्डूच टाका, चांगलं मोठ्या अक्षरात!"

नानांनी टपाटप खिळे बसवले, शाई फिरवली, यंत्र दाबलं, आणि मी छापला गेलो! शेवंताबाई विचारत होती, "कोठे शे? कोठे शे?" लेकाने तिचं बोट धरून माझ्यावर ठेवलं. ओली शाई बोटाला लागली, तरी तिने ती पुसली नाही.

मित्रांनो, आजही कुणी कुणी मला शिवी म्हणून भिरकावतं, तेव्हा फार वाईट वाटतं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाचं नाव ऐकून हसू आलं तर जरा थांबा, आणि आधी त्याच्या आईला विचारा.